पिप्पलवाड्यानंतर मेसेज आला नाही

किशनराव पायी चालतानासुद्धा वळायच्या आधी उजवा हात बाहेर काढतात. हैदराबादेतल्या आमच्या विद्यानगरच्या गल्लीत हे सगळ्यांनी पाहिलंय, मी पदरचं काही घालत नाही. चौतीस वर्षं सरकारी बस चालवली, एकाही माणसाला ओरखडा नाही. रिटायर झाल्यावर बस सुटली, आतला ड्रायव्हर काही उतरला नाही. घरात जिना उतरताना हॉर्न द्यायचे तेवढे बाकी आहेत.

बसमध्ये कंडक्टरनं पत्र्यावर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. मागं वळून बघायचं नाही. मागचं बघणं कंडक्टरचं काम. ही शिस्त किशनरावांच्या हाडात इतकी मुरलेली की माझ्या झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर चहा पीत बसलेले असले आणि मी काउंटरवर पट्टीनं दोनदा टकटक केलं, की उठून उभेच. अर्धा चहा ग्लासात. मग लक्षात आलं की मला शिव्या.

"शिवराज, लेका, एक दिवस तुझं शटर बाहेरून लावून जाईन."

"लावा. आत चहा देत जा फक्त."

तर या माणसानं एका शाळेची जुनी, रंग उडालेली मिनीबस घेतली आणि आठ महिने गल्लीच्या तोंडाशी उभी करून तिचं घर केलं. मागच्या सगळ्या सीटा काढल्या. दोन बाकडी टाकली, दिवसा बसायला, रात्री झोपायला. दोन शेगड्यांचा गॅस, छतावर पाण्याची टाकी, भांड्यांना टिनचं कपाट. खिडक्यांचे पडदे चतुरावहिनींनी शिवले, पिवळ्या फुलांचे. डॅशबोर्डावर छोटी बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. पोरं तिला मोटरहोम म्हणायची, किशनराव नुसतं 'गाडी' म्हणायचे, आणि मी म्हणायचो चार चाकांचा संसार. आरटीओतले सगळे कागद माझ्याच दुकानातून गेले. टोलच्या फास्टॅगला मोबाइल नंबर लागतो, किशनरावांना मेसेज उघडायचा कंटाळा, म्हणून तिथंही मी माझाच नंबर टाकला. तेव्हा काय माहीत, पुढं त्या नंबरावर माझा जीव टांगणार आहे.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी किशनरावांनी वहिनींना कबूल केलेलं, बोधगया, सारनाथ, कुशीनगर सगळं दाखवीन. मग नोकरी, मुलाचं, अनिरुद्धचं शिक्षण, त्याचं लग्न. चाळीस वर्षांनी गाडी निघाली. सव्वीस दिवसांचा बेत. गल्लीनं हार घातले, मी नारळासारखं माझं डोकं पुढं केलं, किशनराव म्हणाले, "नको, टायर पंक्चर होईल."

तेव्हापासून माझ्या मोबाइलवर टोलनाक्यांचे मेसेज. मी दुकानातून मोठ्यानं वाचायचो, "नागपूर ओलांडलं! जबलपूर मागं टाकलं!" गल्लीतल्या बायका भाजी निवडता निवडता माना डोलवायच्या. सुनबाई गीता, दिलसुखनगरला कोचिंग सेंटरमध्ये शिकवते, ती रोज दुपारी फोन करून विचारायची, "काका, आज आपलं घर कुठं पोहोचलं?"

मी हसून सांगायचो. पण माझ्या पोटात एक गोष्ट होती, ती गल्लीतल्या कुणालाच ठाऊक नव्हती.

गेल्या हिवाळ्यात एकदा किशनराव स्कूटरवर अनिरुद्धकडे निघाले आणि तासाभरानं त्यांचा मला फोन आला. "शिवराज, अनिरुद्धचं घर कोणत्या चौकातून आत?" नऊ वर्षं ज्या घरी जातात ते घर. मी मस्करी समजून म्हटलं, "सुनेनं पत्ता बदलला वाटतं." पलीकडं कुणी हसलं नाही. जाऊन घेऊन आलो. वहिनी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, एवढं एक कुणाला सांगू नका. पोरगा गाडी काढून घेईल." मी सांगितलं नाही. माझ्या दुकानात आलेली बातमी खपली नाही असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

"मग एवढ्या लांब कशाला जाता?" मी विचारलेलं.

"घरं विसरतात ते. रस्ते नाही विसरत," वहिनी म्हणाल्या. "आणि मी शेजारीच बसलेली असते ना."

परतीच्या वाटेवर नागपूरहून वहिनींचा फोन आला. आवाज दबलेला. जबलपूरच्या एका चौकात किशनरावांनी गाडी बाजूला घेतली होती. हात स्टिअरिंगवर, नजर समोर. आणि हळूच विचारलं, "चतुरा, आपण जातोय की येतोय?"

"मी म्हटलं, येतोय, घरी चाललोय. तर म्हणाले, हां, बरोबर. आणि गाडी सुरू. पुढं मला सगळी गावं क्रमानं सांगितली, एक चुकलं नाही. पण भाऊ, पुढं सगळा रस्ता मी त्यांच्या हातांकडंच बघत बसले."

दीक्षाभूमीवर दर्शन झाल्यावर, पायऱ्यांवर बसून, वहिनींनी त्यांना सांगून टाकलं. घरी पोहोचलो की किल्ली अनिरुद्धला द्यायची. पुन्हा स्टिअरिंगला हात नाही. किशनराव काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. वहिनीही रुसून पुढची सीट सोडून मागच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. म्हणजे नागपूर ते हैदराबाद, पाचशे किलोमीटर, पुढं एक गप्प आणि मागं एक गप्प.

हा गुरुवार. सकाळी केळापूर टोलचा मेसेज आला. मग अकरा वीसला पिप्पलवाडा. म्हणजे पैनगंगा ओलांडून तेलंगणात आले. मी वाचून दाखवलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी अनोळखी नंबर.

"शिवराजभाऊ, मी चतुरा बोलते."

"बोला वहिनी! आत्ताच तुमचा पिप्पलवाडा आला. भात टाकायला सांगू का—"

"गाडी गेली."

"हौ, गेली ना, पिप्पलवाडा पण—"

"भाऊ, गाडी गेली. मी इथंच आहे."

मला कळेना. झेरॉक्सच्या मशीनमधून कागद येत होते, ते खाली पडत होते.

मग त्यांनी सांगितलं. पैनगंगा ओलांडायच्या आधी, रस्त्याकाठच्या एका चहाच्या हॉटेलापाशी थांबले. किशनराव उतरले, टायर ठोकून बघितले, चहा प्याले, एक शब्द न बोलता परत सीटवर जाऊन बसले. वहिनी मागच्या दारानं उतरल्या. हातात बाकड्यावरची सतरंजी, सव्वीस दिवसांची धूळ आणि बिस्किटांचा चुरा. झटकली, आणि उरलीसुरली धूळ निघावी म्हणून गाडीच्या पत्र्यावर आपटली.

"किती वेळा?" मी विचारलं. उत्तर मला आधीच कळलं होतं.

"दोनदा," वहिनी म्हणाल्या. "तिसऱ्यांदा आपटणार होते. म्हटलं आधी नळावर हात धुवावा. सतरंजी दारात टाकली, दार पुढं लोटलं आणि वळले, तर गाडी हायवेला."

पहिली पंधरावीस मिनिटं त्या रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. येतील म्हणून. मोबाइल गाडीत चार्जिंगला. चप्पलसुद्धा गाडीत. हॉटेलवाल्या भामाबाईंनी आपली चप्पल दिली, फोन दिला आणि विचारलं, कुणाला लावायचा? वहिनींना ना नवऱ्याचा नंबर पाठ, ना पोराचा. पाठ एकच. माझ्या दुकानाच्या पाटीवर वीतभर उंचीच्या लाल आकड्यांत जो लिहिलाय तो. बावीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज समोर.

"घाबरू नका," मी म्हटलं. "कळलं की वळतील. आणि मग मी त्यांना आयुष्यभर सोडतो का बघा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, मला माझी काळजी नाही. ते मागं बघतील आणि मी नसेन, तर त्यांना काय वाटेल? ही मागं राहिली, असं वाटेल? का ही आलीच नव्हती, असं वाटेल?"

मी खाली पडलेले कागद गोळा करायला लागलो. 

"अनिरुद्धला सांगू नका," त्या म्हणाल्या. "एक वाजेपर्यंत थांबा. रस्ते त्यांना येतात. एकपर्यंत सापडले तर आमचं आम्ही बघू. नाही सापडले तर मीच सांगते त्याला, माझ्या तोंडानं."

मी किशनरावांना फोन लावला. बंद. असणारच. डेपोची शिस्त, स्टिअरिंगवर बसलं की मोबाइल बंद करून पिशवीत. वहिनींच्या मोबाइलवर लावला. तो वाजत होता. वाजतोय म्हणजे गाडी आहे, गाडीत वीज आहे, गाडी कुठं दरीत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. सतरा वेळा लावला. सतरा वेळा वाजून वाजून थांबला.

पिप्पलवाड्यानंतर पुढचा टोल रोलमामडा. किशनराव पन्नासच्या वर जात नाहीत. बोटं मोजून हिशेब केला, सवाबाराला मेसेज यायला पाहिजे. फार तर साडेबारा.

सवाबारा वाजले. मोबाइल थरथरला, मी झडप घातली. चिक्कडपल्लीच्या कुठल्याशा दुकानात साड्यांचा सेल. त्या दुकानाला मी जे बोललो ते इथं लिहिता येत नाही.

एक पोरगी हॉल तिकिटाची एक कॉपी मागायला आली, मी अकरा काढून दिल्या. "अंकल, एकच पाहिजे." "ठेव, परीक्षेला कामाला येतील." समोरच्या ओट्यावरून विचारणा, "शिवराजभाऊ, कुठं आलं चालतं घर?" आणि मी, ज्याच्या तोंडाला झाकण शोधून गल्ली दमली, म्हटलं, "येतंय येतंय."

साडेबारा. मेसेज नाही.

वहिनींचा पुन्हा फोन. "आला?"

"नाही. पण कधी कधी उशिरा येतो. नेटवर्क. मागं सारनाथचा मेसेज तीन तासांनी आलेला." हे खोटं होतं. सगळे मेसेज मिनिटात आले होते.

"तुम्ही खोटं बोलताना फार भराभर बोलता," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग गीताचा फोन. दुपारचा नेहमीचा. "काका, आपलं घर कुठं आलं?"

"आदिलाबाद," मी म्हटलं. "जेवतायत."

"अय्या, एवढ्या लवकर? आई फोन उचलत नाहीत."

"रुसल्यात नवऱ्यावर. म्हातारपणात रुसवा जास्त टिकतो, तू बघशीलच."

ती हसली. मी फोन ठेवला. हायवेच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पिवळे पडदे, पांढरी मिनीबस, हैदराबादचा नंबर. ते म्हणाले, अपघाताची नोंद नाही, काळजी करू नका. मी म्हटलं, अहो गाडीला काही झालं नाही हे चांगलंच, पण गाडी आहे कुठं?

एक वाजायला दहा मिनिटं होती. पिप्पलवाडा आणि रोलमामडा यांच्यामध्ये गाडी आहे, एवढंच खरं. या दोघांच्या मध्ये काय आहे? मी भिंतीवरच्या नकाशाकडं बघत बसलो होतो, शाळेच्या पोरांसाठी लावलेला. मध्ये आदिलाबाद आहे. हायवे गावाच्या बाहेरून जातो, सरळ जाणाऱ्याला गावात शिरायचं काही कारण नाही.

पण किशनरावांनी अकरा वर्षं हैदराबाद–आदिलाबाद गाडी चालवलीय.

त्या गाडीवरचा त्यांचा कंडक्टर अंबाजी. रिटायर होऊन आदिलाबादलाच राहिला. त्याचा पेन्शनचा फॉर्म मीच भरलेला, नंबर माझ्या वहीत. लावला. माणूस जेवून आडवा झालेला.

"कोण? शिवराजभाऊ? काय राव, झोपेत कैकू उठवला?"

"अंबाजी, किशनराव तुमच्या गावात आलेत का बघा. आत्ताच्या आत्ता. बस स्टँडात बघा."

"उस्ताद? इकडं? सोबत वहिनी असतील ना?"

"नाही," मी म्हटलं. आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं, जबलपूरचंसुद्धा. ज्याला सांगायला नको होतं अशाला मी जन्मभर सांगत आलो. ज्याला सांगायला पाहिजे होतं असा हा पहिला.

अंबाजी म्हणाला, "स्कूटर काढतो."

एक वाजला. वहिनींचा फोन आला. "मी अनिरुद्धला लावते आता. नंबर सांगा."

"अर्धा तास द्या."

"भाऊ..."

"वहिनी, अर्धा तास. त्यानंतर मीच लावून देतो."

त्या अर्ध्या तासात मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. मशीनची काच चार वेळा पुसली एवढं आठवतं.

दीडला अंबाजीचा फोन. मागं हॉर्न, अनाउन्समेंट, कोणीतरी तेलुगूत ओरडतंय.

"सापडले."

मी स्टुलावर बसलो. "ठीक आहेत?"

"ठीक आहेत म्हणजे..." अंबाजी मोबाइलशी तोंड नेऊन हळू बोलायला लागला. "चहावाला म्हणतो, पावणेबारापासून गेटापाशी गाडीत नुसते बसलेले. मध्ये एकदा उतरून चहा नेला. आणि आता पाच मिनिटांपूर्वी गाडी आत घेऊन फलाटावर लावली. हैदराबादच्या फलाटावर, भाऊ. कशी लावलीय बघा, बोटभर इकडं तिकडं नाही. मागं दोन बसा अडकल्यात. एक बाई ज्वारीचं पोतं घेऊन आत चढून बसली."

"आणि किशनराव?"

"कंट्रोलरच्या खिडकीशी उभे. आत नवीन पोरगी आहे. तिच्याकडं सही मागतायत. ती म्हणते, अंकल, कसली सही?"

मी खूप वेळा त्या माणसाची नक्कल केलीय. ते टायर कसे ठोकतात, वळताना हात कसा काढतात. लग्नाकार्यात माझी ती नक्कल ठरलेली असते. त्या क्षणी मला ते सगळं आठवलं.

"फोन द्या त्यांना."

"शिवराज?" त्यांचा आवाज अगदी नेहमीचा. "अरे, तू इकडं कसा?"

"मी दुकानातच आहे. किशनराव, वहिनी कुठं आहेत?"

"झोपलीय मागं. रुसलीय. तिचा फोन कधीचा वाजतोय, उचलत नाही. मी म्हटलं, वाजू दे. बोलेल तेव्हा बोलेल."

 अंबाजीनंच फोन त्यांच्या हातातून घेतला असावा, कारण मला त्याचा आवाज ऐकू आला, "उस्ताद, चला, मागं बघू या."

पुढचं अंबाजीनं मला नंतर सांगितलं. किशनराव मागच्या दारानं चढले. बाकड्यावर पोतंवाली बाई बसली होती, आणि तिच्या हातात चहाचा रिकामा ग्लास. दोन चहा घेतलेले किशनरावांनी. एक स्वतः प्याले, दुसरा बाकड्याशेजारी बशीनं झाकून ठेवलेला, मागं न बघता, सीटमागच्या पडद्याआडून हात घालून. रुसलेल्या बायकोला तोंड न दाखवता चहा द्यायची ही त्यांची जुनी पद्धत. तो बाईनं पिऊन टाकला होता. किशनराव तिच्याकडं बघत राहिले. मग अंबाजीकडं वळून म्हणाले, "ही चतुरा नाही."

"नाही उस्ताद. वहिनी पैनगंगेच्या पलीकडं, हॉटेलावर आहेत. सुखरूप आहेत."

"कधी उतरली?"

"तुम्ही चहाला थांबला तेव्हा."

किशनराव पायरीवर बसले. मागच्या बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून होता. अंबाजी म्हणाला, उस्ताद, गाडी तेवढी बाजूला घ्या. त्यांनी मान हलवली, नाही. इंजिन बंद केलं होतं, किल्ली मुठीत होती, ती त्यांनी अंबाजीकडं दिली. स्टँडात सुट्टीवरचा एक ड्रायव्हर होता, प्रशांत, हैदराबादची बस पकडायला आलेला. त्यानं गाडी बाजूला लावली. चौतीस वर्षांत किशनरावांची गाडी दुसऱ्यानं हलवलेली ही पहिली वेळ, असं अंबाजी म्हणतो, आणि हे सांगताना त्याला खोकला येतो.

मी भामाबाईंच्या नंबरावर लावला. "सापडले वहिनी. आदिलाबादला. गाडी आणि ते, दोन्ही."

 पलीकडून भामाबाई बोलल्या, "दादा, त्या रडून ऱ्हायल्या. मी बसवून देते बसमध्ये."

मी फोन ठेवला. मी पण जरा शटर अर्धं ओढून घेतलं. उन्हाचा त्रास होत होता.

तीनच्या पुढं वहिनींची बस आदिलाबादला लागली. किशनराव आधीपासून फलाटावर उभे. वहिनी उतरल्या, पायात दुसऱ्याच्या मोठ्या चपला, फटक फटक आवाज करत. दोघं समोरासमोर उभी राहिली. नागपूरपासून एकमेकांशी बोललेली नव्हती.

किशनरावांनी अंबाजीकडून किल्ली मागून घेतली आणि वहिनींसमोर धरली.

"घे."

आदल्या दिवसापासून जी मागत होत्या ती किल्ली समोर होती, आणि वहिनींचा हात वर येईना. म्हणाल्या, "घरी गेल्यावर बघू. मी न सांगता उतरले. माझंच चुकलं. सतरंजी आपटली मी."

"ते नको सांगू. घे."

"अहो, घरी—"

"आत्ता घे, चतुरा," किशनराव म्हणाले. "मला समजावू नको. उद्या मी देणार नाही. उद्या मी भांडेन. आत्ता देतोय तोवर घे."

वहिनींनी किल्ली घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. अंबाजी दुसरीकडं तोंड करून उभा राहिला.

गाडी प्रशांतनं आणली. रात्र त्यांनी निर्मल गावात काढली. माझ्या मोबाइलवर रोलमामडा आला, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बाकीचे आले, एकामागून एक. मी एकही मोठ्यानं वाचला नाही. ओट्यावरच्या बायका काळजीत पडल्या, शिवराजभाऊला बरं नाही काय की.

सकाळी गाडी गल्लीत वळली. अनिरुद्ध आणि गीता आधीच येऊन थांबलेले, हार घेऊन. दार उघडलं आणि किशनराव डावीकडून उतरले. गल्लीतलं एकेक माणूस ते बघत होतं. ड्रायव्हरच्या बाजूनं एक अनोळखी माणूस उतरला.

"पप्पा, गाडी कोण चालवतंय?" अनिरुद्धनं विचारलं.

मी पुढं झालो. माझ्याकडं एक झकास गोष्ट तयार होती. पाय मुरगळलेला, नागपूरच्या पायऱ्यांवर, अगदी तपशिलासकट. तोंड उघडलं, आणि किशनरावांनी हात आडवा केला, थांब म्हणून.

"तुझ्या आईला मी पैनगंगेच्या पलीकडं टाकून आलो," ते म्हणाले. सगळ्या गल्लीसमोर. "तीस-चाळीस किलोमीटर पुढं गेलो. मला कळलं नाही. मग आदिलाबादच्या स्टँडात ड्युटीवर गेलो. तेही कळलं नाही."

"मी सांगून उतरले नाही म्हणून—" वहिनी.

"तू गप."

"मी का गप? मी सतरंजी झटकत होते."

"सतरंजी झटकायची जागा आहे का ती? पत्र्यावर?"

"मग तुमच्या डोक्यावर झटकू?"

कुणीतरी हसलं. अनिरुद्धला हसावं की काय करावं कळेना. तो वडिलांकडं बघत होता आणि त्याच्या हातातला हार खाली लोंबत होता. गीतानं तो हळूच काढून घेतला. मग माझ्याकडं वळून तेवढंच म्हणाली, "काका, जेवतायत काय?" मी मान खाली घातली. पोरीनं एवढ्यावर सोडलं, उपकार तिचे.

पुढच्या आठवड्यात किशनराव दुकानात आले. मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली, त्यासाठी आधारची कॉपी पाहिजे होती आणि एक फॉर्म भरायचा होता. स्टुलावर बसले. मी पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. फॉर्म मी भरतो म्हटलं तर नको म्हणाले, त्यांचं अक्षर चांगलं आहे, लॉगशीट भरून भरून घोटलेलं. एका रकान्यापाशी थांबले. त्रासाचं स्वरूप, किती वेळ.

"शिवराज, आदिलाबादच्या स्टँडात मी किती वेळ होतो?"

"असाल पंधरा-वीस मिनिटं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "गल्लीत कुणाच्या घरी कोण किती वाजता आलं, सगळं तुला ठाऊक. माझंच तेवढं ठाऊक नाही?"

मशीन गरम होऊन गुणगुणत होतं.

"पावणेदोन तास," मी म्हटलं.

"मला चहा आठवतो. फलाट आठवतो. चतुरा बसमधून उतरली ते आठवतं." त्यांनी पेन कागदावर टेकवलं. "मधलं नाही." मग त्यांनी रकान्यात लिहिलं, पावणेदोन तास, वळणदार, ओळीवर. "आता असं कर. चतुरा सांगणार नाही, तिला माझी दया येते. अनिरुद्ध घाबरतो. तू सांगत जा. मी काय विसरलो ते. गल्लीला खुशाल सांग, हसव लोकांना, पण आधी मला सांग."

"रोज?"

"रोज कशाला? एवढा का मी गेलोय?" ते उठले. दुकानाच्या पायरीवरून वळताना उजवा हात बाहेर आला. 

म्हणून हे लिहून झाल्यावर पहिल्यांदा त्यांनाच वाचून दाखवलं, त्यांच्या ओसरीवर बसून. वहिनी शेंगा सोलत होत्या. किशनराव डोळे मिटून ऐकत होते. पोतंवाल्या बाईला हसले. सतरंजीच्या भांडणाला दोघंही हसली. जबलपूरच्या चौकापाशी त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. मी वाचलं. वहिनींचे हात थांबले होते.

"हे मला आठवत नाही," किशनराव म्हणाले. "पण राहू दे."